रग्बी लीग बघताना: धडक कुठं संपते, फाऊल कुठं सुरू होतो

सिडनीतल्या पॅरामॅटाच्या स्टेडियममध्ये मी पहिल्यांदा रग्बी लीगचा सामना बघायला गेलो, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत दोनदा डोळे मिटून घेतले होते. शंभर-एकशे दहा किलोचा एक गडी चेंडू काखेत दाबून सरळ धावत आला आणि समोरच्या तिघांनी त्याला असा काही अडवला, की तो आवाज आम्हाला वर बसलेल्यांना ऐकू आला. मला वाटलं, झालं, आता शिट्टी वाजणार आणि स्ट्रेचर येणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडलेला गडी उठला, टाचेनं चेंडू मागं सारला आणि खेळ पुढं चालू.

थोड्या वेळानं एका बचावपटूचा हात समोरच्याच्या हनुवटीला लागला. जोर फारसा नव्हता, आमच्या तालमीत कोणी मान वळवूनही बघितलं नसतं. पण अख्खं स्टेडियम एकदम खवळलं. रेफरीनं दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली आणि तो गडी दहा मिनिटांसाठी बाहेर जाऊन बसला.

शेजारी एक म्हातारा बसला होता, वर्षानुवर्षं त्याच खुर्चीचं तिकीट काढणारा. त्याला विचारलं, "मघाचं चालतं आणि हे चालत नाही?" हातातल्या 'पाय' नावाच्या पेस्ट्रीवरून नजर न हलवता तो म्हणाला, "जोर मोजू नकोस. हात कुठं गेला ते बघ."

इथं नव्यानं येणाऱ्या मंडळींना मी हेच सांगत असतो. धडक किती जोरात बसली, यावर नियम जवळजवळ काहीच बोलत नाहीत. कोणाला धरलं, कशानं धरलं, शरीराच्या कुठल्या भागाला धरलं आणि खाली कसं आणलं, एवढंच ते विचारतात. डोळ्यांना हे चार प्रश्न विचारायची सवय लागली, की तिसऱ्या-चौथ्या सामन्यात तुम्ही रेफरीच्या आधी "हाय टॅकल!", म्हणजे खांद्याच्या वर धरलं, म्हणून ओरडायला लागता. तेवढंच चुकीचंही ओरडता, पण ते सगळेच ओरडतात.

आधी दोन मिनिटांची ओळख

रग्बी दोन प्रकारचं: युनियन आणि लीग. १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. खाणीत, गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूंचा सामन्यासाठी खाडा झाला, तर त्याची भरपाई द्यायची की नाही, हा वाद होता. बाहेर पडलेल्यांचा खेळ म्हणजे लीग. ऑस्ट्रेलियात तो १९०८ पासून आहे आणि सिडनी-ब्रिस्बेन पट्ट्यात 'फूटी' म्हटलं की बहुतेक वेळा हाच. इथल्या मोठ्या स्पर्धेला एनआरएल म्हणतात.

प्रत्येक बाजूला १३ खेळाडू, ८० मिनिटांचा खेळ. चेंडूवाल्याला धरून अडवणं म्हणजे टॅकल, आणि चेंडू असलेल्या संघाला असे सहा टॅकल मिळतात. प्रत्येक टॅकलनंतर पडलेला खेळाडू उठून टाचेनं चेंडू मागं देतो आणि पुन्हा धडक सुरू. त्यामुळे एकेका संघाला सामन्यात तीनशेच्या आसपास टॅकल करावे लागतात. धडक हा इथं अपघात नाही, रोजचं काम आहे.

पायरी १: चेंडू कोणाकडे आहे?

टॅकल फक्त चेंडूवाल्याला. ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला अडवलं, ढकललं किंवा धरलं की पेनल्टी.

गोंधळ होतो तो दोन जागी. पहिली जागा म्हणजे चेंडूला लाथ मारणारा. त्यानं चेंडू मारला त्याच क्षणी बचावपटू येऊन आदळला, तर चालतं, कारण धावत्या माणसाला ब्रेक नसतात. पण चेंडू हवेत लांब गेल्यावर कोणी येऊन त्याला आडवा केला, विशेषतः त्याच्या पायांत घुसला, तर शिक्षा होते. दुसरी जागा म्हणजे उंच उडालेला चेंडू झेलायला हवेत उडी मारलेला खेळाडू. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चेंडूसाठी तुम्हीही उडी मारून हवेत भिडलात तर ठीक, पण खाली उभं राहून त्याचे पाय उडवलेत तर तो मानेवर पडतो. म्हणून उंच चेंडू आला की सगळे वर बघत असतात, तुम्ही खालच्या माणसाकडे बघा.

पायरी २: हात उघडे होते का?

धरण्यासाठी हात पुढं आले पाहिजेत, नाहीतर निदान तसा प्रयत्न तरी दिसला पाहिजे. हात बरगडीशी घट्ट चिकटवून नुसता खांदा किंवा दंड हाणला, तर त्याला शोल्डर चार्ज म्हणतात आणि तो फाऊल आहे.

हे पूर्वी चालायचं. लोक त्यासाठीच पैसे मोजायचे आणि वर्षातल्या जबरदस्त धडकांच्या व्हिडिओंत निम्मे शोल्डर चार्ज असायचे. एनआरएलनं २०१३ च्या मोसमापासून त्यावर बंदी आणली. कारण साधं आहे: धरायचंच नाही म्हटल्यावर सगळं वजन एका बिंदूवर येतं, आणि तो बिंदू चार बोटं वर सरकला की थेट जबडा. बंदी आली तेव्हा खेळाडूंनी बरीच कुरकुर केली. मला विचाराल तर या बंदीनं खेळाचं काहीच बिघडलं नाही. छातीत खांदा घालून दोन्ही हातांनी कवळा मारलेला टॅकल आजही तितकाच आवाज करतो.

खांदा वापरायला बंदी आहे असं मात्र समजू नका. खांदा पुढं, हात मागून विळखा घालायला येतायत, असा टॅकल पूर्ण कायदेशीर असतो, मग समोरचा चार फूट मागं का फेकला जाईना.

चेंडूवाल्यालाही हत्यार आहे. तो उघड्या तळहातानं समोरच्याला ढकलू शकतो, अगदी तोंडावरसुद्धा. नव्या माणसाला हे फार विचित्र वाटतं. बचाव करणाऱ्यानं चेहऱ्याला हात लावला की बोंब, आणि चेंडूवाल्यानं त्याच्या तोंडावर पंजा ठेवून त्याला बाजूला सारला की वाहवा! पण तळहाताची मूठ झाली, किंवा कोपर वर काढून गळ्यात घातलं, की तोही गुन्हेगार.

पायरी ३: खांद्याच्या वर काय झालं?

अलीकडच्या काळात सगळ्यात जास्त शिट्ट्या इथं वाजतात, म्हणून जरा सावकाश.

नियमात डोक्याला किंवा मानेला लागण्याचे तीन प्रकार आहेत: मुद्दाम, बेफिकिरीनं आणि निष्काळजीपणानं. तिन्ही फाऊल. "माझ्या मनात तसं नव्हतं" हे उत्तर शिक्षा कमी करू शकतं, फाऊल पुसत नाही. रस्त्यावर गाडी ठोकल्यासारखंच आहे.

रेफरी काय बघतो? बचावपटू ताठ उभा होता की गुडघ्यात वाकला होता? हात लांबवर झुलत आला का? पहिला स्पर्श कुठं झाला? छातीवर लागून हात वर घसरला तर थोडी सूट. चेंडूवाला घसरला, वाकला किंवा दुसऱ्या बचावपटूनं त्याला आधीच खाली ओढला, तरी सूट. पण ताठ उभा राहून, वेगात येऊन थेट डोक्याला लागलं, तर सुटका नाही.

मे २०२१ मध्ये ब्रिस्बेनला 'मॅजिक राऊंड' होता, म्हणजे एका आठवड्याचे सगळे सामने एकाच मैदानावर. त्या आठवड्यापासून डोक्याच्या बाबतीत कडक राहायचं असं एनआरएलनं ठरवलं. तीन दिवसांत तिघांना कायमचं बाहेर काढलं आणि १४ जणांना सिन बिनमध्ये, म्हणजे दहा मिनिटांसाठी बाहेर, पाठवलं. सगळीकडे आरडाओरडा झाला, खेळ मऊ झाला म्हणून. पुढं ती कडकाई थोडी सैल झाली, पण मुळातला सूर बदललाच.

एक प्रसंग सावकाश करून बघण्यासारखा आहे. ५ जून २०२४, सिडनी, न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड, म्हणजे 'स्टेट ऑफ ओरिजिन' मालिकेचा पहिला सामना. घरच्या संघाकडून जोसेफ सुआलीचा हा पहिलाच ओरिजिन सामना. आठव्या मिनिटाला क्वीन्सलंडचा रीस वॉल्श चेंडू घेऊन आला. त्यानं चेंडू सहकाऱ्याला दिला आणि त्याच क्षणी सुआली येऊन आदळला. वॉल्श जागच्या जागी कोसळला. आता वरचे प्रश्न विचारा. चेंडू होता का? नुकताच गेला होता. बचावपटू वाकला होता का? नाही. लागलं कुठं? खांदा थेट डोक्याला. सूट द्यावी असं काहीच नाही. रेफरीनं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला, न्यू साउथ वेल्स उरलेला सगळा वेळ बारा जणांत खेळलं आणि ३८-१० असं हरलं. सुआलीला वर चार सामन्यांची बंदी. तो काही गुंड नाही. अर्ध्या सेकंदाचा आणि वीतभर उंचीचा हिशेब चुकला.

पायरी ४: पाय किती वर गेले?

मी कोल्हापूरकडचा, लाल मातीतल्या कुस्त्या बघत मोठा झालो. समोरच्याला उचलून आपटलं की फेटे उडतात, हे डोक्यात पक्कं बसलेलं. धोबीपछाड बसली की अख्खं मैदान उभं राहतं. त्यामुळे ही पायरी मला सगळ्यात उशिरा कळली: या खेळात उचलणं हाच सर्वांत धोक्याचा गुन्हा.

थोडं उचललं तर चालतं. चेंडूवाल्याचे पाय जमिनीवरून सुटले, त्याला मागं नेलं आणि पाठीवर किंवा कुशीवर ठेवलं, तर ठीक. पण कंबर आडव्या रेषेच्या पलीकडे गेली, पाय डोक्यापेक्षा वर आले, की धोका सुरू. नियमाची भाषा इथं बारकाईनं वाचण्यासारखी आहे. डोकं किंवा मान आधी जमिनीला लागेल अशी *शक्यता* असलेल्या स्थितीत माणसाला नेलं, तरी तो धोकादायक टॅकल ठरतो. प्रत्यक्षात तो खांद्यावर पडून हसत उठला, तरी तुम्ही दोषी असू शकता.

नियम इतका कडक का, ते एका नावावरून कळतं. २४ मार्च २०१४, मेलबर्न. न्यूकॅसल नाइट्सचा २२ वर्षांचा ॲलेक्स मॅकिनन चेंडू घेऊन गेला आणि मेलबर्न स्टॉर्मच्या तिघांनी त्याला धरला. तिघं तीन दिशांनी जोर लावत होते. तो उचलला गेला, उलटला, पडताना त्यानं मान आत घेतली आणि सगळं वजन मानेवर आलं. मणका मोडला. त्यानंतर तो व्हीलचेअरवर आला. धरणाऱ्यांपैकी जॉर्डन मॅक्लीनला सात सामन्यांची बंदी झाली.

तो टॅकल बघताना एकट्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही. तिघंही रोजचंच काम करत होते. पण तेव्हापासून पायांच्या मध्ये हात घालून कोणी उचलायला लागला, की स्टेडियममध्ये एक वेगळाच श्वास रोखला जातो. खेळाडूसुद्धा मधेच हात सोडून देतात. ते सोडून देणं बघायला शिका. चांगला बचावपटू समोरचा तिरका होतोय हे जाणवलं, की त्याला धरून स्वतः खाली बसतो.

पायरी ५: खाली पडता-पडता चालणारे छुपे उद्योग

चेंडूवाला जितका उशिरा उठेल, तितका बचावाला रांग लावायला वेळ मिळतो. म्हणून दोघं-तिघं मिळून त्याला हळूहळू, रेंगाळत खाली आणतात. मेलबर्न स्टॉर्मनं तर यासाठी कुस्तीचा वेगळा प्रशिक्षक ठेवला होता. इथले समालोचकही या प्रकाराला सरळ 'रेसल', म्हणजे कुस्तीच म्हणतात. कुस्ती चालते, पण तिच्यातले काही डाव बंद आहेत:

- क्रशर: मागून वजन टाकून समोरच्याची हनुवटी छातीत दाबणं. बघायला संथ, मानेला फार वाईट.
- हिप-ड्रॉप: मागून किंवा बाजूनं कंबर धरायची, गिरकी घ्यायची आणि आपलं बूड त्याच्या पोटऱ्यांवर टाकायचं. घोटा नाहीतर गुडघा जातो.
- कॅननबॉल: दोघांनी उभा धरलेल्या माणसाच्या गुडघ्यात तिसऱ्यानं घुसणं.
- चिकन विंग: हात पाठीमागं पिरगाळणं.

यातला हिप-ड्रॉप ओळखायला सगळ्यात अवघड, समालोचकांतही त्यावरून जुंपते. मी एकच गोष्ट बघतो: धरणाऱ्याचं बूड जमिनीवर आलं की समोरच्याच्या पायांवर.

कबड्डी बघणाऱ्यांना हे परकं वाटायचं कारण नाही. चढाईपटूला सातही जणांनी दाबलं तरी चालतं, पण त्याचं तोंड दाबून दम तोडायचा नाही आणि पायांची कैची घालायची नाही. पकड कितीही जबर असली तरी कैची ती कैचीच.

पायरी ६: गुद्दागुद्दी

इथं तिला 'बिफ' म्हणतात, आणि जुन्या लोकांच्या मनात तिच्यासाठी एक हळवा कोपरा आहे. ओरिजिनचा पहिलाच सामना, १९८०: क्वीन्सलंडच्या आर्थर बीटसननं पॅरामॅटा क्लबातल्या आपल्याच सहकाऱ्याला, मिक क्रोनिनला, हाणल्याची गोष्ट अजून चवीनं सांगितली जाते. १९७० च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर याचा जबडा सुरुवातीलाच एका ठोशानं मोडला. तो तसाच शेवटपर्यंत खेळला आणि संघ जिंकला. ही दंतकथा लहान पोरांनाही पाठ आहे.

आजचा हिशेब वेगळा आहे. २०१३ च्या पहिल्या ओरिजिन सामन्यात पॉल गॅलननं नेट माइल्सला ठोसे मारले आणि मैदानावर फक्त पेनल्टीवर सुटला. त्यानंतर एनआरएलनं जाहीर केलं: ठोसा मारला की सिन बिन. पुढच्याच ओरिजिन सामन्यात एका झटापटीत चौघं एकदम बाहेर गेले. इंग्लंडमध्ये २०१४ च्या अंतिम सामन्यात तर विगनच्या बेन फ्लॉवरनं तिसरं मिनिट संपायच्या आत सेंट हेलेन्सच्या लान्स होहायाला पाडलं आणि खाली पडल्यावर पुन्हा ठोसा मारला. लाल कार्ड आणि सहा महिन्यांची बंदी.

कॉलर धरणं, कपाळाला कपाळ लावून उभं राहणं, ढकलाढकली यांवर बहुतेक वेळा ओरडा खाऊन सुटका होते. पण लांबून पळत येऊन भांडणात उडी मारणाऱ्या तिसऱ्याला हमखास शिक्षा होते. आपल्याकडे लग्नाच्या वरातीतली भांडणं वाढवणारा असतो ना, तोच.

पायरी ७: रेफरीचे हात वाचा

एनआरएलमध्ये कार्डं नसतात, त्यामुळे नवा माणूस गडबडतो. दहा बोटं वर म्हणजे दहा मिनिटं सिन बिन. हात लांब करून बाहेरची दिशा दाखवली, म्हणजे खेळ संपला आणि बदली खेळाडूही नाही. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले, की 'रिपोर्ट', म्हणजे आत्ता खेळ, नंतर बघू. मैदानावरच्या रेफरीच्या कानात सिडनीतल्या 'बंकर' नावाच्या खोलीतून व्हिडिओ बघणारे बोलत असतात. त्यामुळे कधीकधी दोन टॅकल होऊन गेल्यावर खेळ थांबतो आणि मागचा फाऊल पुढं येतो.

सामना संपल्यावर वेगळी समिती सगळं पुन्हा बघते आणि आरोपांची प्रत लावते. मैदानातली शिक्षा आणि नंतरची शिक्षा जुळतेच असं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लॅट्रेल मिचेलनं जोसेफ मानूच्या गालाचं हाड मोडलं, तेव्हा त्याला फक्त सिन बिन मिळाली होती. नंतर सहा सामन्यांची बंदी झाली आणि साउथ सिडनी अंतिम सामना त्याच्याशिवाय खेळलं. पण त्या रात्री तो दहा मिनिटांनी परत आला, आणि मानूच्या संघाला त्या बंदीचा काडीचा उपयोग झाला नाही. या पद्धतीतलं हे भगदाड मला अजून पटलेलं नाही.

घरचं कोणी खेळत असेल तर

शनिवारी सकाळी इथल्या कुठल्याही मैदानावर पोरांचे सामने चालू असतात. शिकायला त्याच्यासारखी जागा नाही, कारण सगळं संथ आणि जवळून दिसतं. अगदी लहानग्यांना टॅकल नसतो, कमरेला लावलेली पट्टी ओढायची असते. मोठ्यांना आधी गुडघ्यात वाकायला, डोकं समोरच्याच्या बाजूला ठेवायला आणि दोन्ही हातांनी विळखा घालायला शिकवतात. पोरगं टॅकल चुकलं तर फारसं मनावर घेऊ नका. ताठ उभं राहून हात झुलवत असेल, तर प्रशिक्षकाशी त्याच दिवशी बोला.

आणि सीमारेषेवरून काय ओरडताय याकडे लक्ष ठेवा. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्यानं एकदा स्वतःच्या दीडपट पोराला कमरेत मस्त धरला. माझ्यातला कोल्हापूर जागा झाला आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "उचल! उचल त्याला!" पोरानं माझ्याकडे बघितलं, मग रेफरीकडे, आणि समोरच्याला अलगद खाली बसवलं. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, "सांभाळून, असं म्हणालो."